मोंबाशाला निघालेली लुगडी

आमगावात वाटेत एखादी म्हातारी भेटली, तर लोक रामराम करतात, गुडघ्यांची चौकशी करतात, फार तर धानाचं विचारतात. झनकलालजी पटले यातलं काही करत नसत. ते थेट विचारत, "बाई, वय किती झाला?" आणि तिने उत्तर द्यायच्या आत दुसरा प्रश्न टाकत, "लेकरं किती झाले, अन् त्यातले जित्ये किती?" उत्तर ऐकताना त्यांची नजर बाईच्या तोंडाकडे नसे. ती लुगड्याच्या पदराकडे असे. हिशेब पटला, की ते पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळत आणि गंभीरपणे म्हणत, "हा लुगडा टाकनार कवा?"

ज्या बायकांना मागचं-पुढचं ठाऊक नव्हतं, त्यांनी यावर काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. अर्जुनी मोरगावला एका लग्नात त्यांनी भर पंगतीत नवरदेवाच्या आजीला हे तीनही प्रश्न विचारले. वरपक्षाला वाटलं, हा माणूस आजीसाठी स्थळ घेऊन आला. जेवण अर्धं टाकून त्यांना स्टेशन गाठावं लागलं. "मोंबाशात असं नसते," ते मला नंतर म्हणाले. "तिथं बाईले वय इचारला त ती बसाले चटई देते."

मोंबासा हा त्यांचा प्रांत. लढाईच्या काळात फौजेच्या भटारखान्यात ते तीन वर्षं मोंबासा बंदरावर स्वयंपाकी होते. बंदूक त्यांनी पाहिली ती दुसऱ्याच्या खांद्यावर. पण आमच्या भागातून लढाईवर गेलेलं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे लढाई जिंकल्याचं बरंचसं श्रेय आपोआप त्यांच्याकडे आलं होतं, आणि तेही ते नाकारत नसत. मोंबाशातून त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक, किल्ल्या अडकवायची पितळी कडी. दुसरी, तिथल्या भाषेचे दोन शब्द. लेकराला 'टोटो' आणि हळूहळू याला 'पोले-पोले'. गावातली सगळी पोरं त्यांना टोटो होती, आणि त्यांचे बैल तर 'पोले-पोले' म्हटल्याशिवाय धानाच्या बांधीत पाय टाकत नसत. गडी आजारी पडला, की बदली गड्याला आधी आफ्रिकेची भाषा शिकवावी लागे.

तिसरी गोष्ट म्हणजे माहिती. "मोंबाशातला कावळा पांढरा पंचा घालते जी. गळ्यात." यावर सगळा पार हसे. पुढे मी नागपूरच्या कॉलेजात एका पुस्तकात पांढऱ्या गळपट्ट्याचा कावळा पाहिला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस खोटं बोलत नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी सही करणारासुद्धा कोणी नव्हता. हे मी लपवत नाही, उलट कोणी विचारलं नाही तरी सांगतो. आमगावच्या शाळेत मास्तर म्हणून परत आलो त्याच आठवड्यात झनकलालजी दारात उभे. "मास्तर, तुमची इंग्रजी कामाले लावा."

काम काय, ते त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं. भटारखान्यात तांदळाच्या गोण्या रिकाम्या झाल्या, की बंदरावरच्या हमालांच्या बायका त्या मागून नेत. झनकलालजींना वाटे, पावसात अंगावर घ्यायला नेत असतील. एक दिवस त्यांनी एका बाईच्या पाठीवर लेकरू पाहिलं. नाळ पडून दोन दिवस झाले असतील नसतील, आणि त्याला गोणपाटात गुंडाळलेलं. त्याच्या पाठीवर फौजेचा काळा शिक्का आलेला, उलटा. "माह्याच गोनीचा होता जी तो. सकाळी मीच त तांदूळ उपसला."

परत आल्यावर दोन-तीन वर्षं त्यांनी वाट शोधली. ती गोंदियात सापडली. तेंदूपत्त्याचा व्यापार करणारे प्रेमजीशेठ, त्यांच्या भावाचं मोंबाशात दुकान. तिथल्या व्यापाऱ्यांनी मिळून बंदरावरच्या गरीब बाळंतिणींसाठी एक दवाखाना चालवला होता. शेठचा माल जहाजाने जाई, त्यात एखादा गठ्ठा कोणाला जड नव्हता. झनकलालजींनी ठरवलं, आमगावने मोंबाशाच्या लेकरांना झबली पाठवायची.

इथपर्यंत कोणालाही पटेल. अडचण पुढे होती. झबलं जुन्या लुगड्याचं हवं. आमच्याकडे रीतच आहे. नव्या जीवाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. जिने वय पाहिलं, जिची लेकरं जगली, अशा बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं मागून आणायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. तिचं आयुष्य लेकराला लागतं. दुसरं झबलं मग रेशमाचं करा.

हा नियम झनकलालजींनी मोंबाशालाही लावला, आणि आमगावात म्हाताऱ्यांची जनगणना सुरू झाली. बाई साठीच्या वरची हवी. निम्म्याहून जास्त लेकरं जिती हवीत. आणि लुगडं पितळी कडीतून एका ओढीत पार झालं पाहिजे. अडकलं तर ते बाईला परत करत, "अजून एक साल नेसा" असं सांगून. एवढ्या कडक परीक्षेत मी बी.ए. झालो असतो का, याची मला शंका आहे.

पास झालेली लुगडी धान उकडायच्या हंड्यात तीनदा उकळली जात. त्यामुळे सगळ्या झबल्यांना उकड्या तांदळाचा वास येई. शिवायचं काम त्यांच्या बायकोचं, जसोदाबाईचं. तिच्याबरोबर शेजारच्या चार-पाच जणी दुपारी सुई घेऊन बसत. जसोदाबाई बोलायला कमी, पण बोलली की टोचून बोले. "गावच्या बुढ्या जेवल्या का हे याहिले मालूम आहे," ती आतून म्हणे. "घरची जेवली का, ते आफ्रिकेहून चिठ्ठी आल्यावर इचारतीन." परपुरुषाशी ती थेट बोलत नसे. मला काही सांगायचं असलं, तर ती भिंतीला सांगे.

झनकलालजींच्या डोळ्यांत सलणारं एकच लुगडं होतं. भागरताबाईचं. तिला सात लेकरं झाली आणि सातही जिती. असा आकडा आजूबाजूच्या दहा गावांत नव्हता. पण भागरताबाई मी शाळेत होतो तेव्हापासून पन्नास वर्षांची होती, आणि मी मास्तर झालो तरी पन्नासचीच.

"बाई, तलावाची पाळ फुटली तवा तुमचा तिसरा पोटात होता. पाळ फुटून झाले चाळीस साल. मंग तुमचं लगन का पोटात असताना झालं का?"

"कोनं सांगतलं मले म्हातारी? मी कायले देऊ लुगडा? मी का आत्ता मरून राहिली का?"

"मरत नाही म्हनूनच त मांगून राहिलो!"

"चाल निघ, बह्याड कुठला!"

तरी दोन गठ्ठे झाले. ते घेऊन आम्ही दोघं गोंदियाला गेलो. प्रेमजीशेठ तेंदूपत्त्याच्या बोऱ्यांमध्ये बसले होते. माणूस चांगला. स्वतः उठून त्यांनी गठ्ठा सोडला, एक झबलं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पटलेजी, ये तो पुराना है."

"हव ना शेठ. जुनाच लागते."

"अरे भाई, मेरे भाई की वहाँ चार लोगों में इज्जत है. लोग कहेंगे, हिंदुस्तान से चिंधियाँ आई हैं. मैं नया थान देता हूँ ना! पूरा थान. सिलवाओ, आज ही भेजता हूँ."

"नवा दुसऱ्या झबल्याले चालन. पहिल्याले नाई चालत."

"मास्टरजी, आप पढ़े-लिखे हो. आप समझाओ इनको."

आता मी जे केलं ते सरळ सांगतो. शेठ मला 'पढ़े-लिखे' म्हणाले आणि मला ते आवडलं. मी म्हणालो, "काकाजी, शेठ बरोबर बोलतात. लुगड्याने आयुष्य वाढत नसतं. ही अंधश्रद्धा आहे. नवं कापड मिळतंय तर घ्या."

झनकलालजी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी झबलं शेठच्या हातातून घेतलं, घडी घातली, गठ्ठा बांधला आणि दोन्ही गठ्ठे उचलून चालू लागले. मोंबाशाला जायची दुसरी वाट त्यांच्याकडे नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दोन वर्षांची मेहनत त्यांच्या दोन काखांत होती.

गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. आमगाव आलं तेव्हा एकच बोलले. "मास्तर, तुमचा पहिला झबला कोनाचा होता?"

"मला काय माहीत?"

"मायले इचारजा."

माय अंगणात तांदूळ पाखडत होती. मी विचारलं. सूप न थांबवता ती म्हणाली, "झनकलालच्या मायचा. तुह्या आधीचे तीन गेले होते बाबू, कोनी महिना पाहिला नाही. तुह्या वेळी तुह्या बापानं सुगरताबाईपुढं हात जोडले. तिचे पाचही लेक जिते होते. तिनं नेसूचा लुगडा सोडला, धुतला, अन् ओलाच आनून देला. लय दिवस तोच घातला मी तुले. फाटला तरी घातला." मग सूप थांबलं. "काऊन? आज काऊन इचारून राहिला?"

लुगड्यामुळे मी जगलो असं मी मानत नाही. पण तसं मायसमोर म्हणायची माझी छाती झाली नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता कागद घेऊन झनकलालजींच्या ओट्यावर गेलो आणि मोंबाशाच्या दवाखान्याला इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. लुगड्याला शब्द सापडला, झबल्याला कसाबसा सापडला. पण 'तिचं आयुष्य लेकराला लागो' हे कसं लिहावं, ते नागपूरच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. चार कागद फाडले. झनकलालजी शेजारी बसून प्रत्येक ओळीला म्हणत, "अन् हे लिवा, का तीन डाव उकळले हायेत." ते वाक्य पत्रात तीनदा आलं.

पत्र आणि दोन्ही गठ्ठे घेऊन मी एकटाच शेठकडे गेलो आणि म्हणालो, काल मी चुकीचं बोललो. शेठनी पत्र वाचून घेतलं, डोकं खाजवलं. "ठीक है. एक बार भेजता हूँ. वहाँ लोग हँसे, तो बंद. फिर कभी मत लाना." मी परत येऊन हे सांगितलं, तेव्हा झनकलालजींनी एवढंच विचारलं, "हसतीन का जी?"

ते तीन-चार महिने गावाला जड गेले. झनकलालजींनी म्हाताऱ्यांना वय विचारणं बंद केलं. सुरुवातीला बायकांना बरं वाटलं, मग काळजी वाटू लागली. "झनकलाल बिमार आहे का? काल समोरून गेला, काही इचारला नाही." बैलांनाही ते मुक्यानेच हाकत, आणि बैल वळणावर थांबून मागे बघत.

मग एका बाजाराच्या दिवशी प्रेमजीशेठ स्वतः आमगावला उतरले. हातात भावाचं गुजराती पत्र. ओट्यावर बसून त्यांनी ते हिंदीत सांगितलं. कोणी हसलं नव्हतं. दवाखान्यात बाळंतिणींबरोबर त्यांच्या सासवा, आया येत. कापड बाळाच्या अंगाला लावण्याआधी त्या म्हाताऱ्यांनी ते गालाला लावून पाहिलं. त्यांच्याकडेही म्हणे बाळाला आधी आजीच्या जुन्या मऊ कापडातच घेतात. ज्यांच्या घरी तेवढंही नव्हतं, त्यांना गोणपाट. म्हाताऱ्यांना कापड पसंत होतं. फक्त त्यांनी नर्सबाईला दोन गोष्टी विचारल्या होत्या, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय काही जणी झबलं घालू देत नव्हत्या.

"क्या पूछा?" मी म्हणालो.

शेठ चष्म्यावरून झनकलालजींकडे बघत होते. "पूछती हैं, जिसका कपड़ा है, उस बाई की उमर कितनी? और उसके बच्चे कितने जिंदा हैं?" मग ते पोट धरून हसले. "पटलेजी, मोंबासा में आपकी कोई सगी बहन रहती है क्या?"

झनकलालजी हसले नाहीत. ते उठून आत गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या सकाळी भागरताबाई दोन लुगडी काखेत मारून हजर. "लिव्ह रे मास्तर. भागरताबाई, वय नव्वद."

"आजी, मागच्या साली तर पन्नास होतं."

"तवा कोन इचारून राहिलं होतं? हा बह्याड! आता मोंबाशाच्या बायका इचारून राहिल्या न? गावाची लाज राखाची का नाही?" मग कडीतून लुगडं सर्रकन गेलेलं पाहून ती झनकलालजींना म्हणाली, "पाहिलं? सात जित्ये. लिव्हजो बरोबर, सात."

या वेळी प्रत्येक झबल्याला चिठ्ठी टाचायची होती. नाव, वय, जिती लेकरं. आठ दिवस मी शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर बसून चिठ्ठ्या लिहिल्या. गावातलं सरासरी वय त्या आठ दिवसांत पंधरा वर्षांनी वाढलं.

शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या संपल्या असं मला वाटलं. तेवढ्यात जसोदाबाई आतून चार झबली घेऊन आली. हिरवट रंग, उडालेला. कडुनिंबाच्या पाल्याचा वास. तिने ती माझ्यासमोर ठेवली. झनकलालजींनी कडी हातातसुद्धा घेतली नाही.

"नाव?" मी विचारलं.

"सुगरताबाई पटले."

झनकलालजींची माय. सुगरताबाईंना जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. "वय?"

"ऐंशी पाहून गेली माय. जित्ये पाच."

"काकाजी, हे तर सगळ्यात पास लुगडं. पहिल्या गठ्ठ्यात का नाही घातलं?"

"अन् लोक हसले असते त?" ते म्हणाले. "माय आहे ते."

मग जसोदाबाई बोलली. भिंतीशी नाही, माझ्याशी. "हा तिनं आमच्या टुरीसाठी धुऊन ठेवला होता. सोळा सालानं झाली होती टुरी. हे मोंबाशात. याहिनं तिथून कोनाच्या हातून नवा कपडा धाडला, फुलाफुलाचा. चिठ्ठीत लिवला, पहिला झबला याचाच करजो. सासूबाई नाही म्हने. पन याहिचा हट्ट. केला." ती झबल्यांवरून हात फिरवत होती. "लय शोभे तिले. तीन महिने घातला."

मला एवढंच ठाऊक होतं, की या घरात मूल नाही. झनकलालजींनी आपली लेक पाहिलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

ते बाहेर बैलांकडे बघत म्हणाले, "तुमचा शास्त्र खरा असन मास्तर. ताप येते, लेकरू जाते. कपड्यानं का होते? मी बी अर्धा दिवस तेच मानतो."

उरलेल्या अर्ध्या दिवसाचं मी विचारलं नाही. त्या अर्ध्या दिवसाचं काम माझ्यासमोर गठ्ठे बांधून ठेवलेलं होतं. मी चिठ्ठीवर लिहिलं, सुगरताबाई, ऐंशी, पाच जिती. मग थोडा विचार करून त्या पाचाचे सहा केले. तिचं लुगडं फाटेपर्यंत घातलेला हा सहावा झनकलालजींना इंग्रजीत वाचता आला नसता, आणि मोंबाशात कोणी विचारलं नसतं.

सकाळच्या गाडीला आम्ही गठ्ठे घेऊन स्टेशनवर गेलो. हमाल डब्यात माल फेकत होता, आणि त्याने गठ्ठा उचलला की झनकलालजी ओरडत, "पोले-पोले! पोले-पोले!" हमालाने दोनदा कपाळाला हात लावला. शेवटचा गठ्ठा झनकलालजींनी स्वतःजवळ धरून ठेवला होता. गार्डाने शिटी दिली तेव्हा तो त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. हमालाने त्यांच्याकडे पाहिलं, एक हात गठ्ठ्याच्या खाली आणि एक मागून लावून तो घेतला, आणि हळूच आत ठेवला.

गाडी गेली. धूरही विरला. झनकलालजींचे हात मात्र तसेच पुढे होते, ओंजळीसारखे.

"चला काकाजी," मी म्हणालो. "शाळेला उशीर होतोय."

त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्या खांद्यावर ठेवले.

"पोले-पोले, टोटो," ते म्हणाले.